मंगलाबाईचं टपावरचं घर

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत मंगलाबाईला हल्ली तंबूवाली म्हणतात. म्हणोत बापडे. तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही आणि माझ्यासमोर म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. उभा जन्म मनपाच्या मराठी शाळेत मास्तरकी केली आहे, माझा आवाज अजून तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो.

ती माझ्या समोरच्या दारात राहते. अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा तिला वाटलं होतं, शहरातल्या बायका नुसत्या बसून असतात. आठवडाही झाला नसेल, नवऱ्याने, भिकनने, साड्यांचं गाठोडं पुढ्यात टाकलं आणि ती लोंबते धागे कापायला बसली. मग लेस लावल्या, टिकल्या चिकटवल्या. मुलगी चंचल शाळेत जायला लागल्यावर पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड तपासायला उभी राहिली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जातं, तुटकी तार किंवा डाग दिसला की खूण करायची. भिकन तिथेच रंग मास्तर होता. त्या घरात तिघं बोलायला लागली की विषय कुठूनही निघो, शेवटी कापडावर यायचा. चंचल माझ्या हाताखाली शिकली आणि आता मार्केटात कॉम्प्युटरवर साड्यांच्या डिझाइन काढते, म्हणजे तीही त्यातलीच.

भिकनने एक जुनी, मध्यम आकाराची, राखाडी एसयूव्ही घेतली होती. कशासाठी, तर कानबाईला गावी गाडीने जायचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. भाऊबंद कुठेही पांगलेले असोत, त्या दिवशी मूळ घरी येतात, देवीचे रोट करतात आणि एकत्र बसून खातात. तो एकदाच त्या गाडीतून गेला. पुढच्या हिवाळ्यात मिलच्या गेटपाशीच त्याचं हृदय थांबलं. सोसायटीतल्या प्रत्येकाने मंगलाबाईला गाडी विकायचा सल्ला दिला. तिने चंचलला गाडी शिकायला पाठवलं.

पहिली कानबाई सुतकाच्या वर्षात गेली. दुसऱ्या वर्षी, श्रावण तोंडावर आला असताना, गावाहून फोन आला. भिकनचा थोरला भाऊ रघुनाथ, म्हणजे मंगलाबाईचा जेठ. जेठ भावजयीशी थेट बोलत नाही आणि भावजय जेठाशी. लग्न झाल्यापासून मंगलाबाई त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन वावरली, तो खाटेवर असला की ही भुईवर, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. म्हणून त्याने फोन चंचलला केला. मी तेव्हा त्यांच्याच घरी भरताची वांगी निवडत होते, फोन स्पीकरवर होता.

"चंचल, यंदा घर भरेल शे," तो म्हणाला. "भिकननी खोलीमा खतन्या गोण्या शेतस. तुम्ही सकाये या, दर्शन ल्या, संध्याकाये निंघी जा."

"आणि आमची मूठ, काका?"

"मूठ कसानी? तुमना घरमा आते मानूस नही."

रोटासाठी गहू मोजतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने, सव्वा सव्वा मूठ. भिकन गेला, मुलगा नाही, म्हणजे त्यांच्या नावाचा गहूच पडायचा नाही. ती खोली भिकनने सुरतेच्या पगारातून, आठ आठ तास रंगाच्या वाफेत उभं राहून बांधली होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, वकील गाठू.

"बाई, खोलीसाठी कोर्टात जायचं तर कानबाई तोवर थांबेल का?" मंगलाबाई म्हणाली. माझ्याशी ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, रागात असली की अहिराणीवर येते. "माले तठे दोन रात राहनं शे. माझ्या नवऱ्याच्या अंगणात. आणि चंचलनी मूठ टाकनी शे. बस."

जागेचा प्रश्न चंचलने सोडवला. तिच्या फोनमध्ये कुठल्या तरी जोडप्याचा व्हिडिओ होता. गाडीच्या टपावर पेटी, पेटी उघडली की तंबू, तंबूला शिडी. मंगलाबाईने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून म्हणाली, "हाई आपली गाडीवर लागी जाई का?"

त्या रविवारी आम्ही तिघी वेसूकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार मितुल नावाचा तरुण, दाढी कोरलेली. दोन साड्यावाल्या बायका बघून त्याला वाटलं असणार, चुकून शिरल्या. पण गुजराती माणूस गिऱ्हाइकाला कधी हसत नाही, हे मी सुरतेत शिकले. त्याने गार पाणी दिलं आणि दोन तंबू उघडून दाखवले. एक घडीचा, जाड कॅनव्हासचा, तिघांना पुरेल असा, पुढे पडवीसारखी जोड असलेला. दुसरा म्हणजे अॅल्युमिनियमची चपटी पेटी. कडी सोडली की झाकण आपोआप वर जायचं आणि भोवती कापडाच्या भिंती उभ्या राहायच्या. आत दोघांपुरती गादी.

मंगलाबाईने दोन्हींना बाहेरून पाहिलंच नाही. ती सरळ कापडाशी गेली. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, उजेडाकडे ताणून वीण पाहिली, हुंगलं. मग कॅनव्हासच्या शिवणीतून सुटलेला एक दोरा ओढून काढला आणि पिशवीतून काडेपेटी.

"मासी, अंदर आग मत करो," मितुल घाबरून म्हणाला. "बाहर चलो, बाहर."

बाहेर फुटपाथवर तिने दोरा जाळला. कापूस जळला की जळक्या कागदाचा वास येतो आणि राख भुरभुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा काळा मणी होतो. इथे थोडी राख, थोडा मणी. "मिक्स शे," ती म्हणाली. चंचलने राख बोटावर घेऊन मान डोलावली. मग मायलेकींनी बाटलीतलं पाणी कॅनव्हासवर ओतून खाली हात धरला. हात कोरडा. पेटीच्या भिंतीचं कापड पातळ होतं. ते मंगलाबाईने चिमटीत धरलं आणि नाक मुरडून सोडून दिलं. तंबूची पारख तिच्यापुरती संपली.

"मासी, कपडा मत देखो, वजन देखो," मितुल कळवळून सांगत होता. गाडीच्या टपाला किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. चंचलने पुस्तक आणून पाहिलं, पंचाहत्तर किलो, आणि त्यात तंबू बसवायचे आडवे दांडेही आले. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, मग विषयच मिटला, तंबू आणि तुम्ही दोघी मिळून टप खाली येईल. मितुलने मला समजावलं, हा आकडा चालत्या गाडीचा. उभ्या गाडीचं टप याच्या कितीतरी पट भार पेलतं, कारण तेव्हा वजन हलत नाही. मंगलाबाईला ते माझ्याआधी कळलं. "गाठोडं डोक्यावर घेऊन उभं राहता येतं, पळता येत नाही," ती म्हणाली.

इतकं कळूनही तिने कॅनव्हासच धरला. तो दांड्यांसकट शंभराच्या घरात जात होता. मितुल नको नको म्हणत होता. मंगलाबाईचं एकच, कापड चांगलं असलं की सगळं टिकतं. चंचलचंही तेच, आणि खोटं कशाला बोलू, एव्हाना मीही त्या कापडाच्या प्रेमात पडले होते. ही चूक सुरतेतच होऊ शकते. दुसऱ्या गावचा माणूस निदान गाडीकडे बघेल.

शेवटी मितुलने तो तंबू नुसता चाचणीपुरता टपावर चढवला आणि म्हणाला, सर्कलपर्यंत जाऊन या, हळू. सरळ रस्त्यावर सगळं झकास होतं. सर्कलला वळताना मात्र गाडी एका अंगाला अशी कलली की मागे बसलेली मी खिडकीवर आपटले. डोक्यावर कुठेतरी कडकड वाजलं. चंचलने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. कोंडाईबारीच्या घाटात, पावसात, हे झालं असतं तर काय, हा विचार तिघींच्याही मनात आला असणार. दुकानापाशी उतरून मंगलाबाई मितुलला म्हणाली, "उतार भाऊ. पोरगीपेक्षा कापड मोठं नही."

तिचा चेहरा पडला होता. मितुलला दया आली असावी. त्याने आतून तिसराच तंबू आणला. जमिनीवर ठोकायचा, प्रशस्त, कापड जाड, किंमत पावपट, आणि वजनाची भानगडच नाही कारण डिकीत टाकून न्यायचा. चंचलचे डोळे चमकले. मलाही पटलं. मी म्हटलं, मंगलाबाई, देवाने धाडला. घ्या आणि चला.

"भुईवर नको," ती म्हणाली.

"अहो, पण का?"

"बाई, लगीन झालं तशी मी त्या अंगणात भुईवर बसली. तो खाटेवर, मी खाले. चहा दिला तरी खाले बसून दिला. माझा नवरा मेला तेव्हा बी मी खाले आणि तो खाटेवर बसून लोकांना सांगत होता, आता यांचं काय ते मीच पाहीन. पाहिलं त्याने. खोलीत खत भरलं." तिचा आवाज दुकानात घुमला, पण तिला फिकीर नव्हती. "आता त्याच अंगणात मी परत भुईवर झोपू? माले वर झोपनं शे. त्याच्या डोक्याच्या वर. नहीतर मी गाडी घेऊन तठे कसाले जाऊ?"

चंचलने जमिनीवरचा तंबू घडी घालून मितुलच्या हातात दिला.

मग पेटी घेतली. दांड्यांसकट ती पुस्तकातल्या आकड्याच्या आत बसत होती. राहिला पातळ कापडाचा प्रश्न. तो मंगलाबाईने घरी सोडवला. मिलमधल्या तुकड्यांच्या मालातून पाणी न धरणारं जाड कापड आणलं आणि पेटी उघडल्यावर वरून टाकायची एक खोळ शिवली, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून. खोळीचं वजन टपावर नाही, डिकीत. शिवताना ती मला म्हणाली की मितुलचं खरं, पण कापडाचं बी खरं.

खाली पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. पेटी उघडायची, शिडी लावायची, साडीचा काचा मारून चढायचं. पहिल्या दिवशी ती तिसऱ्या पायरीवर अडकली आणि बाल्कन्यांतून लोक हसले. कुणी विचारलं, मंगलाबाई, सोसायटीला गच्ची आहे ना? चेअरमन येऊन नियम सांगायला लागले, की पार्किंग गाडी उभी करण्यासाठी आहे.

"गाडी उभीच शे साहेब," ती वरून म्हणाली. "आडवी मी शे."

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही निघालो. मलाही न्यायचं तिने ठरवून टाकलं होतं. पलसाणा गेलं, बारडोली, व्यारा, नवापूर मागे पडलं. कोंडाईबारीच्या घाटात पाऊस कोसळत होता. प्रत्येक वळणाला मंगलाबाई मान वर करून टपाकडे कान लावायची. टप गप्प होतं. घाट उतरल्यावर तिने डबा उघडला आणि आम्हाला भाजीबरोबर कळण्याची भाकरी दिली, स्वतः मात्र काही खाल्लं नाही.

गावात पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. रघुनाथ अंगणात खाटेवर बसला होता. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, दिसायला देखणा माणूस. चंचलने गाडी नेमकी भिकनच्या खोलीसमोर लावली. त्याला वाटलं, टपावर सामान आहे. मंगलाबाई उतरली, पेटीची कडी सोडली, झाकण वर गेलं, खोळ चढली, शिडी लागली. आजूबाजूच्या ओट्यांवर माणसं जमली. ती काचा मारून वर चढली, तंबूच्या दारात मांडी घालून बसली आणि पदर डोक्यावर घेतला नाही.

रघुनाथ चंचलकडे बघून म्हणाला, "तुना मायले सांग, खाले उतर. जेठना डोकावर बसाले शरम नही वाटत?"

चंचल डिकीतून पिशव्या काढत राहिली. मंगलाबाई वर बसून केस विंचरत होती.

आता गंमत ऐका. रघुनाथ माझ्याकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही पाहुण्या. तुमची सोय करतो." खतांच्या गोण्या चहा होईपर्यंत गोठ्यात गेल्या, आणि भिकनची खोली झाडून, खाट टाकून मला दिली. मला, परक्या बाईला! त्या खाटेवर बसताना मला इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला की दिलेला चहा मी तसाच ठेवला.

दिवेलागणीला गहू मोजायला घेतले. अंगणात सारवलेल्या जागी रघुनाथची बायको वत्सलाबाई नवी टोपली घेऊन बसली, भोवती भाऊबंद. रघुनाथ एकेका पुरुषाचं नाव घ्यायचा, एक भरलेली मूठ टाकायचा, मग पाव मूठ. स्वतःचं, मुलांचं, नातवंडांचं, पाळण्यातल्या तान्ह्याचंसुद्धा. चुलतभाऊ झाले, पुतणे झाले. शेवटी त्याने हात झटकले आणि म्हणाला, "व्हयनं."

"नही व्हयनं, दादा."

आवाज वरून आला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्या घरात भावजयीचा आवाज जेठाने पहिल्यांदा ऐकला.

"भिकनना घरनी मूठ राहनी," ती म्हणाली.

रघुनाथने सवयीने चंचलकडे तोंड केलं. "तुना मायले सांग..."

"चंचलले नका सांगू. माले सांगा. मी आठेच शे."

तो खाली बसलेला होता आणि ती वर, त्यामुळे उत्तर द्यायला त्याला मान वर करावी लागली. "अंडेरनी मूठ ऱ्हास नही," तो म्हणाला. मुलीच्या नावाने मूठ नसते.

"आजथून राही. आणि कानबाई कोन शे, दादा? ती बी कोनी तरी अंडेरच शे ना?"

मागे बसलेली एक म्हातारी फिसकन हसली आणि तिने पदर तोंडात धरला. रघुनाथचा चेहरा लाल झाला. मंगलाबाई शिडीवरून उतरली, सावकाश, एकेक पायरी, पाय घसरू न देता. कमरेला सुरतेहून आणलेल्या गव्हाची पिशवी होती. टोपलीपाशी ती उभी राहिली, बसली नाही. "चंचल भिकन," असं स्पष्ट नाव घेतलं आणि भरलेली मूठ टाकली, मग पाव मूठ.

रघुनाथने तिचा गहू बाजूला काढायला टोपलीकडे हात नेला. पण तिचे दाणे वरच्या वर होते तोवर, त्याच्याआधी, वत्सलाबाईने आपला हात टोपलीत कोपरापर्यंत घातला आणि सगळे गहू खालीवर केले. एकदा नाही, चांगले घुसळले. नवऱ्याकडे तिने बघितलंच नाही. देवीच्या टोपलीतला गहू फेकता येत नाही आणि कुणाचा कोणता ते आता कानबाईलासुद्धा सांगता आलं नसतं. रघुनाथचा हात तसाच मागे गेला.

मग तो उठला आणि पहिल्यांदाच थेट तिला म्हणाला, "मंगला, खाले झोप. घरमा जागा करस."

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "मना घर मी संगे लई वनू." आणि सोबत आणलेल्या त्या घराची शिडी चढली. तिच्यामागे चंचल.

सकाळी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा रघुनाथ खाटेवर जागाच होता. वत्सलाबाई चुलीपासून निघाली, हातात चहाची किटली, बोटांत अडकवलेल्या कपांच्या दांड्या. मला वाटलं नवऱ्याला चहा देईल. ती त्याच्या खाटेवरून पुढे गेली, गाडीपाशी थांबली, साडी थोडी वर खोचली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मंगला," ती म्हणाली, "सरकी बस."